सही करण्याआधी वही वाचा

आज बचतीचं किंवा कर्जाचं बोलणार नाही. आज आपल्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेबद्दल बोलू या. आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

चार वर्षांपूर्वी माझी मुलगी तिसरीत होती आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर होते. समितीवर कशी आले, ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. पालक सभेत कुणीतरी म्हणालं, "बाया निम्म्या लागतात, तुमचं नाव टाकतो," आणि मी मान हलवली. पुढे एके दिवशी आम्ही रानात कांदे लावत होतो. शाळेतला एक पोरगा वही घेऊन बांधावर आला. "काकू, सरांनी सही मागितली." हात चिखलाने भरलेले. पदराला पुसले, वही मांडीवर घेतली आणि त्याने बोट ठेवलं तिथे सही केली. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही.

पंधरा दिवसांनी जोराचा पाऊस झाला. मुलगी घरी आली ती ओलं दप्तर घेऊन. वर्गात एका कोपऱ्यात पाणी गळतं म्हणून बाई सगळ्यांना दुसऱ्या बाजूला सरकून बसायला सांगतात, असं तिने सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. छताचा गिलावा फुगला होता, एका जागी तो पडून आतली गंजलेली सळई दिसत होती. मी सरांना म्हणाले, "हे तुम्ही वर कळवलं नाही का?" सरांनी काही न बोलता वही उघडली. मागच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलं होतं की इमारतीची पाहणी केली, सर्व खोल्या सुस्थितीत आहेत. त्याखाली सदस्यांच्या सह्या. त्यात एक माझी. सर खाली बघत म्हणाले, "मागल्या वर्षीचाच मजकूर उतरवला होता, ताई."

मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यात असं बोलणं थट्टेवारी नेता येत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर तालुक्यातल्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेची खोली कोसळली आणि तीन लेकरांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाली. ती बातमी आपण सगळ्यांनी ऐकली, हळहळलो. मीही हळहळले होते. आणि तरी मी न वाचता सही केली. माझ्या सहीने कागदावर ते छत धडधाकट झालं होतं.

तर आजचा विषय हा आहे. शाळेला गावाने मदत करायची म्हणजे काय करायचं?

आपल्याकडे मदत म्हटलं की वर्गणी डोळ्यांपुढे येते. भिंती रंगवायला पैसे, टीव्हीला पैसे, पंधरा ऑगस्टला खाऊ. हे चांगलंच आहे, आणि आपल्या जिल्ह्याला त्याची जुनी सवय आहे. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचं उदाहरण घ्या. तिथे १९३२ मध्ये एका खोलीची प्राथमिक शाळा सुरू झाली. १९६२ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदानाने खोल्या वाढवल्या. तरीसुद्धा १९७१ च्या सुमारास बाराशेच्या आसपास वस्तीत लिहितावाचता येणाऱ्या बाया होत्या ७२ आणि पुरुष होते २९०. पुढचं शिकायला मुलगे शिरूरला, पारनेरला जायचे. मुलींची शाळा गावातल्या शाळेबरोबर संपायची. मग गावाने शिक्षण मंडळ काढलं आणि १९७९ मध्ये गावातच हायस्कूल उभं केलं. मुलींची वाट मोकळी झाली ती शाळा गावात आली तेव्हा. त्या पिढीकडे कायदा नव्हता. त्यांच्याकडे घमेली-फावडी होती, ती त्यांनी वापरली.

आपल्या पिढीकडे कायदा आहे. १ एप्रिल २०१० पासून बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंत मोफत शिक्षण, हे त्यातलं सगळ्यांना माहीत असतं. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात चारातले तीन सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असल्या पाहिजेत. दुर्बल आणि वंचित घरांतल्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात.

महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे समितीत साधारण १२ ते १६ जण असतात. बारा जणांची समिती धरली तर त्यात नऊ पालक आणि निदान सहा बाया. उरलेल्या जागांवर ग्रामपंचायतीचा सदस्य, शिक्षक आणि शिक्षणाची जाण असलेली गावातली व्यक्ती. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. अध्यक्ष मात्र पालकांमधूनच निवडायचा. पालकांची निवड पालक सभेत होते आणि दर दोन वर्षांनी समिती नव्याने बनते. बैठक महिन्यातून एकदा.

या समितीची कामं कायद्यात स्पष्ट आहेत. शाळा कशी चालली आहे ते पाहणं. शाळेचा विकास आराखडा बनवणं. शाळेला आलेला पैसा कुठे खर्च झाला ते तपासणं. म्हणजे बघा, सह्या देणं हे काम कुठेच लिहिलेलं नाही. सही आपण केलेल्या कामाखाली करायची असते.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही चौथी शिकलेल्या, आम्हाला हे कसं जमणार? मी म्हणते, गावात हे काम कुणाला जमणार असेल तर ते आपल्यालाच. गटाची पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित दप्तर. एखादी बाई तीन बैठकांना आली नाही तर आपण विचारतो. शंभर रुपयांचा हिशेब लागला नाही तर उठत नाही. ठराव वाचून दाखवल्याशिवाय सचिवाला वही मिटू देत नाही. शाळेच्या समितीत नेमकं हेच करायचं आहे. आणि उमेदच्या दशसूत्रीत शिक्षण हेही एक सूत्र आहे, ते नुसतं म्हणण्यापुरतं ठेवू नका.

मग बैठकीत काय विचारायचं? मी आता पाच गोष्टी सांगते. वहीत लिहून घ्या.

पहिली गोष्ट, इमारत. बैठकीला बसण्याआधी सगळ्या जणींनी शाळेतून एक फेरी मारायची. छत, भिंतीच्या भेगा, विजेच्या उघड्या वायरी, पाण्याची टाकी. मुलींच्या संडासात आत जाऊन बघायचं. कडी लागते का, पाणी आहे का, की तिथे खराटे आणि मोडके बाक ठेवलेत? मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी कायद्याप्रमाणे असलंच पाहिजे. जे दिसलं ते त्याच दिवशी इतिवृत्तात लिहून घ्यायचं. खोली धोक्याची वाटली तर समितीने ठराव करायचा आणि मुख्याध्यापकांमार्फत तो पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायचा. इंजिनिअरकडून पाहणीची मागणी करायची. पत्राची पोच घ्यायची. पाहणी होईपर्यंत त्या खोलीत एकही मूल बसवायचं नाही, हेही ठरावातच लिहायचं.

दुसरी गोष्ट, खिचडी. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. घरात स्वयंपाक आपण करतो, तेव्हा हा हिशेब आपल्याला कुणी शिकवायला नको. पाचवीपर्यंतची चाळीस मुलं जेवली तर चार किलो तांदूळ शिजला पाहिजे. हजेरीपटावर त्या दिवशी किती मुलं, शिजवला किती, शिल्लक किती, हे तीन आकडे शेजारी ठेवून बघा. मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी चव घ्यायची, असा २०१५ चा नियम आहे. आपल्यातल्या दोघींनी आठवड्यातून एक दिवस ठरवून जायला काय हरकत आहे? एक मात्र सांगते. स्वयंपाक करणारी बाई बहुतेक वेळा आपल्याच गटातली असते. तिच्यावर डोळे वटारायला जाऊ नका. तिचं मानधन थकलं असेल, चूल धुरकट असेल, डाळ उशिरा आली असेल, तर तेही त्याच बैठकीत मांडा.

तिसरी गोष्ट, पैसा. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटाप्रमाणे दरवर्षी अनुदान ठरलेलं आहे. तीसपर्यंत मुलं असतील तर १० हजार रुपये, त्यापुढे शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती यात निघते. रक्कम मोठी नाही, म्हणून तर ती कुठे गेली हे विचारायचं. "सर, या वर्षी किती आले, किती खर्च झाले, पावत्या दाखवा." यात सरांचा अपमान नाही. आपण गटाच्या अध्यक्षाला हेच विचारतो. आणि गावाने वर्गणी काढली असेल तर तीही ठराव करून, पावती देऊन, त्याच वहीत लिहायची. वर्गणी ही खुशीची. ज्या घरातून आली नाही, त्या घरातल्या मुलाला वर्गात एक शब्दही ऐकायला लागता कामा नये.

चौथी गोष्ट, शिकणं. ही सगळ्यात महत्त्वाची आणि हीच सगळ्यात कमी विचारली जाते. भिंतीवरचा रंग आपल्याला लगेच दिसतो, पण पोराला वाचता येतं का हे दिसत नाही. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि नव्वदपर्यंत तीन, असा पहिली ते पाचवीचा नियम आहे. जागा रिकामी असेल तर ते ठरावात यायला हवं. पहिली ते पाचवीची शाळा वर्षात २०० दिवस आणि सहावी ते आठवीची २२० दिवस भरली पाहिजे. पण याहून सोपी तपासणी तुमच्या ओट्यावर होते. तिसरीतल्या मुलाला त्याच्याच पुस्तकातला धडा वाचायला सांगा. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसेल तरी कळतं. मूल दर शब्दाला अडखळतं की सलग वाचतं, आणि वाचून झाल्यावर "काय झालं रे गोष्टीत?" म्हटल्यावर त्याला सांगता येतं का. नसेल जमत तर मुलाला मारायचं नाही आणि गुरुजींवरही धावून जायचं नाही. बैठकीत म्हणायचं, "तिसरीतली किती मुलं अजून वाचत नाहीत? त्यांच्यासाठी काय करायचं आणि आम्ही घरी काय करायचं?" २०२२ पासून पहिलीच्या तयारीसाठी गावोगाव मातांचे गट केले आहेत. तुमच्या वाडीवर तो गट नुसता कागदावर असेल तर त्याला जागं करा. सात-आठ आयांनी आठवड्यातून एकदा मुलांना घेऊन ओट्यावर बसायचं, एवढंच त्याचं काम.

पाचवी गोष्ट, कोणतं मूल आज शाळेत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतल्या मैत्रिणींना मी काय म्हणते ते लगेच कळेल. दिवाळी झाली की बैलगाड्या, ट्रॅक्टर भरतात आणि ऊसतोडीला घरंच्या घरं निघतात. मागे आजी राहते, कधी लेकरंही आजीजवळ राहतात. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय होऊ शकते, म्हणजे मुलं गावातच राहून जेवतात आणि शिकतात. जी मुलं आईबापाबरोबर जातात त्यांना जाताना शाळेने शिक्षण हमी पत्रक द्यायचं, ते दाखवून कारखान्याच्या गावातल्या शाळेत बसता येतं. दाखला नाही, वयाचा कागद नाही, म्हणून सरकारी शाळेला मूल परत पाठवता येत नाही. पण ही सगळी व्यवस्था हलते ती कुणीतरी ऑक्टोबरातच यादी केली तर. कोणती घरं जाणार, कोणती मुलं मागे राहणार, हे गावात आपल्याइतकं कुणाला माहीत असतं? मुकादमाची उचल कुणी घेतली हे आपल्याला पाणवठ्यावर कळतं. आणि एक लक्षात ठेवा. कायद्यात आई-वडील किंवा पालक असा शब्द आहे. नातवंडं सांभाळणारी आजीसुद्धा पालक म्हणून समितीवर येऊ शकते. तिला आणा.

या पाच गोष्टींतून जे निघेल ते शाळा विकास आराखड्यात घालायचं. हा आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात दर वर्षाचं वेगळं नियोजन असतं, आणि आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तो तयार लागतो. मार्चअखेरातून तीन महिने वजा करा. म्हणजे डिसेंबर संपायच्या आत. मार्चमध्ये जागं होऊन उपयोग नाही. आराखड्यात नसलेली खोली कुणी देत नाही. त्याचबरोबर ग्रामसभेआधी जी महिला सभा घ्यावीच लागते, तिथेही शाळेचा विषय मांडा, म्हणजे तो ग्रामसभेत ठराव होऊन जाईल.

समितीच्या हातात खरंच काही असतं का, अशी शंका येते. गणवेशाचं बघा. २०२४-२५ मध्ये सगळ्या राज्याला एकच गणवेश द्यायचं ठरलं. कापड वरून आलं आणि शिवायचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत आपल्यासारख्या बचत गटांकडे आलं. गटांना काम मिळालं ही चांगली गोष्ट होती. पण कापड उशिरा, मापं चुकलेली, अशा तक्रारी राज्यभर झाल्या, आणि कितीतरी मुलांनी अर्धं वर्ष जुन्याच कपड्यांत काढलं. शेवटी २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला गेला. मुलाच्या खांद्याचं माप मुंबईत घेता येत नाही, ते शाळेच्या ओट्यावरच घ्यावं लागतं. आता गावातल्या गटाला ते शिवण्याचं काम मिळावं असं वाटत असेल तर ते मागायची जागासुद्धा समितीची बैठकच आहे.

आणि कुणी ऐकलंच नाही तर? मुख्याध्यापकांनंतर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी. तक्रार तोंडी करू नका, कागदावर द्या. कायद्याप्रमाणे लेखी तक्रारीचा निकाल तीन महिन्यांच्या आत लागला पाहिजे. त्यावरही समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते.

हे सगळं शिक्षकांच्या विरोधात आहे असं समजू नका. माझ्या अनुभवात उलट झालं. मी सरांना म्हणाले, "खरं ते लिहा, मी सही करते." सर म्हणाले, "ताई, एकट्या मुख्याध्यापकाचं पत्र फायलीत पडून राहतं. समितीचा ठराव जोडला तर मलाही विचारायला बळ येतं." पुढच्या बैठकीला आम्ही सहाच्या सहा बाया गेलो. जुना मजकूर खोडला नाही. खाली नवीन ठराव लिहिला, की तिसरीची खोली धोक्याची आहे आणि आजपासून बंद. मुलं देवळाच्या सभामंडपात बसायला लागली. दोन महिन्यांत तीन वेळा पंचायत समितीत गेलो, प्रत्येक वेळी पोच घेतली. इंजिनिअर आले, छत पाहिलं आणि खोली वापरायची नाही असं लिहून गेले. नवीन खोली अजून मिळालेली नाही. आराखड्यात ती आहे, पाठपुरावा चालू आहे. पण त्या छताखाली त्या दिवसापासून कुणाचं लेकरू बसलं नाही.

शाळेपुढे दुसरंही एक संकट आहे. इंग्रजी शाळेची पिवळी गाडी वाडीवर येते, ज्यांना फी परवडते त्यांची मुलं जातात, बहुतेक वेळा घरातला मुलगा जातो. पट घसरतो. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार २०२३ मध्ये पुढे आलाच होता. गावातली शाळा गेली तर पहिली कोण घरी बसेल? मुलगी. राळेगणात पूर्वी जे झालं तेच परत. म्हणून शाळा चांगली चालवणं हे आपल्या लेकींसाठी आहे. लक्षात ठेवा, सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं ते आपल्याच नगरमध्ये, सिंथिया फॅरार बाईंच्या शाळेत. मुलींच्या शाळेचा वारसा आपल्याला लांबून आणायचा नाही.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटातल्या कोण कोण शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत ते विचारा. काही जणींना आपलं नाव आहे हे तिथेच कळेल. मुख्याध्यापकांकडून पुढच्या बैठकीची तारीख घ्या, जिला एकटीला जायला संकोच वाटतो तिच्याबरोबर दुसरी जाऊ द्या. आणि वही बांधावर आली, उंबऱ्यावर आली, तर पोराच्या हातात पाणी द्या, गूळ द्या, पण वही तशीच परत पाठवा. सरांना सांगा, सही करायला मी शाळेत येते.